अडगळ नावाचा फोल्डर

ताईचा हात आधी उठायचा आणि मग ताई विचार करायची. छापखान्यात हा क्रम सगळ्यांना पाठ होता. कागदाचे गठ्ठे कटिंग मशीनखाली सरकवून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते. ओला कागद आणून टाकणाऱ्या टेम्पोवाल्याला तिने त्याच्याच टेम्पोच्या दारावर आपटलं होतं. मशिनवाल्याचा पुढचा एक दात नव्हता. कुणी विचारलं की तो सांगायचा, "तो ताईंकडे जमा आहे."

हे तिने घरातून आणलं होतं. वडील पट्ट्याने मारायचे, पट्टा जवळ नसला तर हाताला लागेल त्याने. धाकट्या भावावर वार आला की ती मध्ये पडायची. एकदा वडिलांनी त्याला मानेला धरून भिंतीवर आदळलं. तो गुडघे पोटाशी घेऊन खाली कोसळला. तेव्हा तिने छापखान्यातला लाकडी हातोडा उचलला आणि वडिलांच्या मनगटावर घातला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. वडिलांनी पुन्हा कुणावर हात उगारला नाही, आणि हळूहळू त्यांचा छापखानाही तिच्याच ताब्यात आला.

"आता तुला कुणी हात लावणार नाही," असं तिने त्या दिवशी भावाला सांगितलं होतं. सगळं जग बडवून काढलं, पण त्याच्यावर कधी बोट उगारलं नाही.

भाऊ मोठा झाला आणि गणिताच्या पुस्तकांची अक्षरजुळणी करू लागला. तो कॉम्प्युटरवर मजकूर आणि मांडणीच्या खुणा लिहायचा. त्यातून प्रोग्रॅम छापायची पीडीएफ तयार करायचा. करता करता तो प्रोग्रॅम चार किरकोळ फाइलीही शेजारी टाकून ठेवायचा. ताईला ती गर्दी बघवत नसे. भाऊ बायकोच्या बाळंतपणासाठी रजेवर होता, तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्त करायला एक माणूस आला. ताईने त्याला फर्मावलं, "हा प्रोग्रॅम जी काय पिलावळ घालतो ना, ती सगळी एका बाजूला टाक. नाव दे अडगळ."

त्याने तसं केलं, आणि ताई ते विसरूनही गेली.

भाऊ परत आला. उत्तरांच्या पानांवरच्या चुका त्याने सुधारल्या. त्याच्या स्क्रीनवर पानं नवी दिसत होती. मशिनवाल्याने नेहमीच्या फोल्डरमधून फाइल घेतली, तर प्रूफ जुनंच. पुन्हा सुधारलं, पुन्हा तेच.

"मी केलंय दुरुस्त, बघ ना इथे."

"अहो, मग इथे का नाही?" मशिनवाला प्रूफ नाचवत म्हणाला.

वाद विकोपाला गेला. मशिनवाल्याने भावाची कॉलर धरली, भावाने त्याच्या पोटात गुडघा मारला, शाईचा डबा लवंडला. ताईने दोघांना मानगुटीला धरून वेगळं केलं आणि ठणकावलं, "शेवटचं एकदा कर आणि छापायला दे." भावाने केलं. ताई बाहेरगावी गेली. तिच्या धाकाने मशिनवाल्याने प्रूफ न काढताच छापायला घेतलं.

ती परतली तेव्हा सगळी पुस्तकं चुकीच्या उत्तरांसह छापून, शिवून तयार होती.

"खोटं बोललास," ती भावाला म्हणाली.

"ताई, तुझी शपथ, मी..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. तिच्या उघड्या पंजाचा फटका कानावर बसला तसा तो खुर्चीसकट आडवा झाला. डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं. कानातून रक्त आलं आणि फरशीवरच्या शाईच्या वाळलेल्या डागावर सांडलं. मशिनवाला त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेला. कानाचा पडदा फाटला होता.

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः कॉम्प्युटरसमोर बसली. भाऊ खोटारडा आहे हे तिला सिद्ध करायचं होतं. पुस्तकाच्या नावाच्या जागी तिने 'गाढव' असं लिहिलं आणि प्रोग्रॅम चालवला. समोर मोठ्ठं गाढव उमटलं. नेहमीच्या फोल्डरमधली पीडीएफ उघडली, तर तिथे पुस्तकाचं नाव शाबूत. फाइलची तारीख पाहिली. भाऊ रजेवर जायच्या आधीची.

मग तिने प्रोग्रॅमच्या खालच्या चौकटीतला मजकूर वाचायला घेतला, जो इतके दिवस कुणीच वाचत नव्हतं. फाइल कुठे ठेवली ते शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. अडगळ. तो फोल्डर उघडला. पिलावळीबरोबर पीडीएफही तिथेच जात होती, आणि भावाने केलेली प्रत्येक दुरुस्ती तिच्यात होती.

ताईने मूठ वळली आणि लोखंडी कपाटावर हाणली. पुन्हा हाणली. बोटांची सालं निघाली. ती हातोडा शोधू लागली, तेव्हा मशिनवाल्याने त्यावर पाय ठेवला.

"ताई, कॉम्प्युटर काही बोलला नाही तुम्हाला."

"सगळं बोलला होता," ती म्हणाली.

भावाच्या खोलीत ती गेली तेव्हा तो पडून होता, डोक्याला पट्टी, तोंड भिंतीकडे. ती पलंगाच्या कडेला बसली. "फाइल सापडली. चूक माझी होती."

तो हलला नाही. तिने पुन्हा सांगितलं. तरीही नाही. आपण बोलतोय आणि हा भिंत बघतोय, एवढंच तिला कळलं, आणि तिचा हात आपोआप खांद्यापर्यंत उठला. भिंतीवर सावली हलली. भावाने झटक्यात गुडघे पोटाशी ओढले आणि डोकं झाकलं. अगदी तसंच.

हात तिथेच थांबला.

"त्या कानाने ऐकू येत नाही त्यांना," बाळाला घेऊन दारात उभी असलेली भावजय म्हणाली. "दुसरा उशीत दबलाय."

ताई उठली, पलंगाला वळसा घालून भिंतीजवळच्या चिंचोळ्या जागेत शिरली आणि खाली बसली. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले. भावाने उशीवरून डोकं उचललं. तिने तिसऱ्यांदा सांगितलं.

"कुठे होती?" त्याने विचारलं.

"अडगळीत."

"कुणी ठेवली तिथे?"

"मी."

तो बराच वेळ तिच्या सोललेल्या बोटांचा जेवढा भाग दिसत होता तेवढा बघत राहिला. "मशिनवाल्याला सांग, यापुढे तिथून घेत जा म्हणावं. मी नाही येणार, ताई."

तिने मान हलवली. ती उठेपर्यंत हात मांडीखालीच होते.