आत्याचं ‘हाय’ आणि माझा एडिटर

खोपोलीच्या एका कारखान्यात मी रिपोर्ट लिहायच्या कामाला लागलो, तेव्हा घाईत बोटं घरचंच मराठी टाइप करायची. एकदा साहेबांच्या पत्रात ‘मशीन बंद हाय’ असं गेलं आणि सगळं ऑफिस हसलं. मग कॉम्प्युटरवर ज्यात टाइप करतो त्या माझ्या एडिटरच्या सेटिंगमध्ये मी दोन ओळी घातल्या. ‘हाय’ लिहून स्पेस दाबली की ‘आहे’, ‘नाय’ लिहिलं की ‘नाही’. ते जमलं आणि मला चटकच लागली. आजची तारीख, ‘आपला विश्वासू’, सगळं एकेका बटणावर आणून ठेवलं.

मागच्या उन्हाळ्यात आत्या आमच्याकडे भिवपुरीला राहायला आली. तिच्या लहानपणची भातशेती लिहून ठेवावी असं मनात आलं. ती बोलत गेली, मी टाइप करत गेलो. मग वाचून दाखवलं.

“ही कोण बाई रं?” तिनं विचारलं.

“तूच की.”

“मी अशी नाय बोलत. ही शाळेतली बाई वाटते.”

स्क्रीनवर पाहिलं, तर तिचं एकूण एक ‘हाय’ एडिटरनं ‘आहे’ करून टाकलेलं. मी तिच्या लिखाणाला वेगळं फोल्डर केलं आणि तिथं ती अदलाबदल बंद ठेवली.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला. ऑफिसच्या मराठीत नाही असं आत्याकडे आणखी काय काय असेल? मी छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या चार-पाच ओळींच्या सूचना, लिहिली. त्या स्क्रिप्टनं माझे रिपोर्ट आणि आत्याचं लिखाण, दोन्हीकडचे शब्द सुटे करायचे, ताडून बघायचे आणि फक्त आत्याकडे असलेले दाखवायचे. एंटर दाबताच ‘इळा’, ‘राब’, ‘आमी’ असे तिचे शेतातले-घरातले शब्द स्क्रीनवर भराभर उतरले. आत्या खुर्ची ओढून शेजारी बसली आणि ओळखीचं माणूस भेटावं तशी एकेकाला मान डोलवू लागली. मध्येच आला ‘खळ्यारव’.

“हा काय गं, आत्या?”

तिनं तो दोन-तीनदा म्हणून पाहिला. “माजा नाय. पण कानाला बरा लागतो.”

फाइलीत शोधलं. ‘खळ्यावर’ लिहिताना माझीच दोन अक्षरं इकडची तिकडे झाली होती.

“मग तुजा हाय तो,” आत्या हसत म्हणाली. “ठेव तुज्यापाशी. आता तुज्या आईचं बोलणं घाल यात. ती देशावरची, बघू तिचं काय निघतं.”

“मला नका ओढू त्यात,” आई स्वयंपाकघरातून ओरडली.

मी तिचं तेवढं वाक्य नव्या फाइलीत टाइप केलं.