आमच्या सोसायटीची तोफानी बेन

चहा गार होऊ देऊ नका, पण हे ऐका. माणूस स्वतःची बदनामी स्वतःच, हात जोडून, हसतमुखाने करू शकतो का? मी केलीय. सुरतेच्या उधन्यात, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये, साठ-सत्तर माणसांसमोर.

लग्न होऊन अमळनेरहून सुरतेला आले, त्याला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. आमचं घर पाचव्या मजल्यावर आणि लिफ्ट चार महिने बंद. सासूबाईंचे गुडघे इतके दुखायचे की त्या चार महिन्यांत एकदाही खाली उतरल्या नव्हत्या. गॅलरीतून भाजीवाल्याशी ओरडून बोलायच्या, तेवढंच त्यांचं बाहेर जाणं. बिल्डर फोन उचलायचा नाही. म्हणून त्याच्याकडे कुणाला पाठवायचं, ते ठरवायला ही मीटिंग.

शेजारच्या हंसाबेननी माझं नाव सुचवलं. सोसायटीचे प्रमुख म्हणाले, "बेन, तुमच्याबद्दल बे शब्द बोलो."

मराठीत बोलले असते तरी चाललं असतं हो. पण मला हौस! गुजरातीत बोलून सगळ्यांना गार करायचं होतं. आपण कामाला तुफानी, म्हणजे एकदम झपाट्याच्या, हे सांगायचं होतं. गुजरातीत तोफानी म्हणतात, हे कानावरून गेलेलं होतं. मग अजून काय पाहिजे?

"हुं पहेलेथी तोफानी छुं," मी सुरुवात केली. "स्कूलमां तोफान, कॉलेजमां तोफान. हवे सासरामां पण रोज तोफान करूं छुं."

सगळे माझ्याकडे टक लावून बघायला लागले. मला वाटलं, माझ्या उच्चारांनी भारावले. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी खुर्ची जरा मागे ओढली. मग प्रमुखांनी हीच बेन हवी, असं जाहीर केलं. "बस, आ ज बेन जोइए." भराभर हात वर झाले. मी बिनविरोध निवडून आले.

दुसऱ्या दिवशी हंसाबेनना घेऊन बिल्डरच्या ऑफिसात गेले. तो मला बघून उभाच राहिला. "बेसो ने, बेन. चा पीशो?" मी अगदी गोड आवाजात लिफ्टचं सांगितलं. त्याने माझ्यासमोर फोन लावला आणि तिसऱ्या दिवशी लिफ्ट सुरू!

सासूबाई खाली उतरल्या. भाजीवाल्याच्या लारीवरची वांगी स्वतः दाबून दाबून घेतली आणि तासभर बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलल्या. सोसायटीतली माणसं मला वाट सोडून नमस्कार करायला लागली. मी नुसती हवेत.

"बघा," मी हंसाबेनना म्हटलं, "गोड बोललं की काम होतं."

"गोड?" हंसाबेन म्हणाल्या. "प्रमुखांनी बिल्डरला आधीच फोन केलेला. आमची तोफानी बेन येते, संभाळजो."

"मग खरंच सांगितलं की त्यांनी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "अगं, छाप्यात, पेपरात येतं ने, टोळीने दगडफेक केली, बसच्या काचा फोडल्या? ते तोफानी."

"म्हणजे मी भांडखोर?"

"भांडखोर तर घरोघरी असतात. तोफानी माटे पोलीस बोलवावी लागते."

मी तशीच घरी धावले. आमचे हे सुरतेतच वाढलेले, गुजराती शाळेत शिकलेले, आणि मीटिंगमध्ये माझ्याच शेजारी बसले होते. म्हटलं, "तुम्हाला अर्थ माहीत होता ना? मग मला थांबवलं का नाही?"

त्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. आमच्या अहिराणीत शांतपणे म्हणाले,

"माले वाटनं, तू खरं सांगी ऱ्हायनी."