कोपऱ्यातलं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे, यातला अर्धा भाग शेकडो लोकांना सांगितलाय, हातात माइक घेऊन, चांगल्या तोऱ्यात. उरलेला अर्धा माझ्या बायकोलाही माहीत नाही.

आधी तो सांगत आलेला अर्धा. मी मुखेडच्या एका मास्तरांचा मुलगा. बारावीसाठी वडिलांनी लातूरला क्लासला घातलं. भूकंपाला चार-पाच वर्षं होऊन गेली होती आणि शहरात आता पडलेल्या घरांपेक्षा क्लासचीच चर्चा जास्त. गल्लोगल्ली पाट्या, पाट्यांवर पोरांचे मार्क. माझं फिजिक्सशी कधी जमलं नाही, अक्षरांशी जमलं. क्लास बुडवून मी रहीमचाचांच्या दुकानात बसायचो. चाचा पेंटर. भूकंपानंतर वसवलेल्या कितीतरी नव्या गावांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. पुढे ते टी-शर्टवरही छापायला लागले. ट्रेसिंग पेपरवर अक्षर कसं काढायचं, जाळीवरून शाई कशी ओढायची, सगळं मला त्यांनी शिकवलं. आज नांदेडात डिझायनर म्हणून माझं नाव आहे — आणि ते चांगलं आहे, उगाच विनय कशाला?

तर रद्दीवाल्याकडे मला एक परदेशी संगीताचं मासिक सापडलं. त्यात पंक पोरं. ताठ उभे रंगवलेले केस, कपड्यांना सेफ्टी पिना आणि छातीवर हिटलरचं स्वस्तिक. ती काही हिटलरची भक्त नव्हती. युद्ध लढून आलेल्या बापांना डिवचायचं, बस. मला ते भयंकर आवडलं. पण लातुरात स्वस्तिक घालून कोण चिडणार? इथं ते दारावर असतं, वहीच्या पहिल्या पानावर असतं. एखादी काकू म्हणाली असती, पोरगं सुधारलं! मग आपल्या म्हाताऱ्यांना काय झोंबेल? उत्तर घरातच होतं. मी ऐकलं नाही की आई म्हणायची, काय रझाकारी लावलीस? निजामाच्या शेवटच्या दिवसांत ज्यांनी गावं जाळली, माणसं मारली, त्यांचं नाव आमच्याकडे पोरांना रागवायला उरलं होतं.

काळा टी-शर्ट, पांढरी फाटकी अक्षरं, दोन तलवारी, मध्ये 'रझाकार'. निजामाच्या राज्यातून सुटका झाली त्या मुक्तिदिनाला, झेंडावंदनाच्या रांगेत, आम्ही पाच मित्र तो घालून उभे राहिलो.

भाषणात मी इथं थांबतो. टाळ्या पडतात. लातुरात, त्या वयात, एवढी डेअरिंग!

आता पुढचं. डिझाइन दाखवलं तेव्हा चाचांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "हा लफ्ज नको, बाळा. लोकांच्या घरात मयती झाल्यात ह्या नावानं." मी हट्ट धरला. फॅशन, कला, काय काय बोललो. शेवटी ते थकले. म्हणाले, "छाप मग. पर खाली माझं नाव घालू नको." पेंटर लोकांची रीतच असते — काम कुठलंही असो, उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सही. त्यांची 'रहीम आर्ट'. एवढी एकच गोष्ट त्यांनी मागितली.

शुक्रवारी दुपारी ते नमाजला गेले आणि टी-शर्ट मी छापले. नाव घालून.

का? सवयीनं? चुकून? — कित्येक वर्षं मी स्वतःला तेच सांगत होतो. खोटं आहे ते. मला नजर होती. मास्तरांच्या पोराच्या छातीवर 'रझाकार' म्हणजे नुसता आगाऊपणा. त्याच्याखाली मुसलमानाचं नाव आलं की ती धमकी झाली. चित्र दुप्पट झोंबणार, हे मला तेव्हाच दिसलं. आणि मी खूश झालो.

झेंड्याला आमच्या मेसच्या मावशींचे सासरे, आबा, आले होते. त्यांच्या भावाला रझाकारांनी वेशीवर मारलं होतं. मला ते माहीत होतं, जेवताना त्यांनीच सांगितलं होतं. आबा माझ्यासमोर थांबले. ओरडले नाहीत. चष्मा सावरून कोपऱ्यातली अक्षरं वाचली आणि विचारलं, "ह्यो रहीम कोण हाय?" मी कोण, हे त्यांनी विचारलंच नाही. मग ते खुर्चीत बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले. बाकीच्यांना तेवढं पुरलं.

तासाभरात दुकानासमोर गर्दी. रंगांचे डबे रस्त्यावर पालथे. मी तिसऱ्या रांगेत होतो, शर्ट बदलून. हवालदारानं टी-शर्ट चाचांपुढे धरला, नाव तुझंच ना म्हणून. एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. वडिलांना कळेल, क्लासमधून काढतील — भीती होती, पण भीती काय, चाचांनाही असेलच की. ते वाकून बघत राहिले. जन्मभर स्वतःचं नाव लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्यानं काढलेला 'र' कळणार नाही? माझ्या 'र'ला उगाच लांब शेपटी असायची, ते ती पुसायला लावायचे. त्यांनी मान वर केली. गर्दीत मला शोधलं. मी दिसलो त्यांना. मग म्हणाले, "हाव साहेब. नाव माझंच हाय."

आठवड्याभरात ते बायकोच्या माहेरी, हिमायतनगरला निघून गेले. दुकान पुन्हा उघडलं नाही. हिमायतनगर माझ्या नांदेडच्या घरापासून एसटीनं दोन तासांवर आहे. मी कधी गेलो नाही.

त्या दुपारी मी मेसला जेवायला गेलो. मुक्तिदिनाचा शिरा होता. मावशींनी ताट वाढता वाढता विचारलं, "त्या पेंटरनंच भरीस घातलं का रे तुमाला?"

मी हो म्हणालो. त्यांनी आणखी शिरा वाढला आणि मी तो खाल्ला.