सिंधेचं कडवं

माझं आवडतं गाणं कुठल्या रेडिओवर लागत नाही. ते ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी लागतं, आईच्या गळ्यातून. पलटणीबरोबर दख्खनहून ग्वाल्हेरला निघालेल्या एका शिपायाच्या बायकोचं गाणं आहे ते. दर कडव्याला एक नदी ओलांडायची. भीमा, गोदावरी, तापी, नर्मदा आणि शेवटी इथली सिंध. सिंध ओलांडली की बाई नव्या घरी पोचते. आईला ते तिच्या आईकडून आलं, माझ्या कानांवर ते आपसूक पडलं. आम्हा दोघींखेरीज ते येणारं आता कुणी उरलेलं नाही.

आई भात या गाण्यावर शिजवते. मी हौसेनं टोपी बाजारातून कुकर आणला होता. "शिट्टीला काय कळतंय भातातलं?" म्हणून तिनं तो माळ्यावर टाकला. गोदावरीला तांदूळ वैरायचे, नर्मदेला आच कमी करायची, सिंध ओलांडली की गॅस बंद. कडवी ती घोळवून घोळवून म्हणते, त्यामुळे हिशेब बरोबर बसतो. माझं लिखाणही त्याच घड्याळावर चालतं. मी शेजारच्या खोलीत लिहीत बसते आणि गाणं संपलं की वाक्य अर्धं टाकून पानं घ्यायला उठते. लोक विचारतात, तुमच्या लेखनाला एवढी शिस्त कुठून आली? आता काय सांगू, भातामुळे आली.

मागच्या थंडीत एका सकाळी लिखाण असं काही झालं की विचारायची सोय नाही. पानामागून पान. म्हटलं, आज सरस्वती प्रसन्न दिसतेय. मग करपल्याचा वास आला. धावत गेले तर पातेलं काळंठिक्कर, आच मोठी, आणि आई ओट्याला टेकून शांतपणे गातेय. माझ्यादेखत तिनं नर्मदा ओलांडली आणि परत गोदावरीवर गेली.

"आई, कितव्यांदा म्हणतेयस हे?"

"एकदाच. डोक्यावर पडलीस का?"

माझी लेक म्हणाली, "मम्मी, आजीला डॉक्टर को दिखा दो ना." मी तिच्यावरच खेकसले. वय झालं की होतं असं, त्याचा एवढा बाऊ कशाला? खरं तर घाबरले होते मी. शेवटी नेलंच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हे वाढत जाईल म्हणाले, आणि गॅसपासून लांब ठेवा म्हणाले. सांगायला काय जातंय त्यांचं! ओटा काढून घेतला तर तिच्याजवळ उरतं काय?

मग मीच एक तोड काढली. तिची नर्मदा संपत आली की मी पेन खाली ठेवायचं आणि खोलीतूनच सिंधेचं कडवं उचलायचं. ती लगेच सूर धरायची, सिंध ओलांडायची आणि गॅस बंद करायची. बरेच दिवस भागलं. लिखाणाची मात्र बोंब झाली. कागद पुढ्यात आणि सगळा जीव कानांत. हळूहळू ती तापीवरूनच मागे फिरायला लागली. आज बाई कुठवर येतेय, या धास्तीनं सकाळ उजाडायची.

परवा ती भीमेवरच अडकली. तेच कडवं, पुन्हा तेच. मी खोलीतून सिंध म्हणून पाहिली, तिला ऐकूच गेलं नाही. म्हणून उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मोठ्यानं म्हणायला लागले. ती थांबली. माझ्याकडे वळून तिनं पदर सारखा केला, पाहुण्यांसमोर करतात तसा. मी पुढे होऊन गॅस बंद केला.

"बरं गाता हो तुम्ही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पण जरा हळू म्हणा. आत माझी लेक लिहीत बसलीय."