उशाशी उभं राहून

टेपताईच्या घराच्या पुढच्या खोलीला दार नाही. चौकट आहे, बिजागऱ्या आहेत, कडी अडकवायचा कोयंडासुद्धा आहे. दार तेवढं नाही. नऊ वर्षांपूर्वी कापड बेतायला लांबरुंद फळी हवी झाली, तेव्हा तिच्या नवऱ्याने ते दार उचकटून दोन पेट्यांवर आडवं टाकलं. "महिनाभराचं काम आहे, मग परत बसवू," ती म्हणाली होती. ते दार अजून आडवंच आहे. कडीच्या जागी जे भोक राहिलं, त्यात आता मोठी कात्री उभी असते.

चौकटीला पडदा लावलेला आहे. पण पडद्याला कोण विचारतं? सकाळचा चहा उकळतो न उकळतो तोच कुणीतरी तो बाजूला सारतं आणि चपला न काढताच म्हणतं, "ताई, आईने अंथरूण धरलंय. माप घ्यायला कधी येता?"

तिचं खरं नाव कागदोपत्री. गळ्यात सदानकदा मोजपट्टी, म्हणून टेपताई.

सगळं सुरू झालं ते सासूबाईंपासून. त्यांचं एक अंग लुळं पडलं आणि कपडे बदलणं हा रोजचा छळ झाला. एकीने उचलून धरायचं, दुसरीने तो आखडलेला हात बाहीत कोंबायचा. सासूबाई मोठ्या खमक्या. जन्मात कुणापुढे कण्हल्या नव्हत्या. पण त्या बाहीपुढे रडायच्या. एका दुपारी टेपताईने त्यांचा जुना झगा घेतला आणि मनगटापासून बगलेपर्यंत, बगलेपासून थेट खालपर्यंत एका बाजूने उभा उसवला. कडेने नाड्या लावल्या. मग न उचलता, न ओढता, नुसता अंगावर पांघरून एका कुशीला गाठी मारल्या. सासूबाई वाकड्या ओठांनी म्हणाल्या, "इतके महिने कुठे होती ही अक्कल?" त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पदकच.

शेजारणीने पाहिलं, तिने भावाच्या बायकोला सांगितलं, आणि असं करत करत त्या दोन खोल्यांत चार मशीनं आली, सात बाया आल्या. अंगावरून वारं गेलेले, कंबर मोडलेले, वयाने वाळून गेलेले कितीतरी जीव या सात बायांच्या हातचं लेऊन निजतात. लोक त्याला कुशीचा अंगरखा म्हणू लागले.

अंगरखा शिवणं अवघड नाही. खरी विद्या आहे ती मापात. उभ्या माणसाचं अंग वेगळं, आडव्या माणसाचं वेगळं. निजलं की पोट पसरतं, खांदे आवळून येतात. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कूस. माणूस ज्या कुशीवर निजून असतो, त्याच कुशीला गाठी आल्या, तर दोन दिवसांत तिथे कातडी लाल होते, चौथ्या दिवशी फाटते, आणि ती जखम मग महिनोन्‌महिने भरत नाही.

ती चूक एकदा झाली होती. सात जणींतली सर्वांत चलाख बाई, सगळे तिला घाईबाई म्हणतात, एका म्हाताऱ्या मास्तरांचं माप घ्यायला गेली. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, पाहिलं, कागदावर 'डावी' लिहिलं आणि परतली. पण पायथ्याशी उभ्या माणसाचा डावा तो निजलेल्याचा उजवा. मास्तरांची वाचा गेलेली. चार दिवस ते गाठींवर निजून राहिले, डोळ्यांतून पाणी काढत, आणि घरच्यांना वाटलं, म्हातारपण.

टेपताई दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन ती जखम धुवायची. आणि पहिल्याच दिवशी परत येऊन तिने भरल्या खोलीत घाईबाईला सांगितलं, "आजपासून तुझा हात या टेपला लागता कामा नये. कुणाचाच नाही. माप मी घेणार. उशाशी उभी राहून घेणार, म्हणजे माझा डावा तोच त्याचा डावा."

घाईबाई खाली मान घालून मशीनवर बसली. सहा वर्षं झाली, तशीच बसते.

मध्यंतरी एका संस्थेने टेपताईला बोलावून काचेची एक जड पाटी दिली. तिच्यावर 'सामाजिक उद्योजिका' असं कोरलेलं. ती घरी आल्यावर बायांनी पाटी फिरवून फिरवून पाहिली.

"हे म्हणजे नेमकं काय हो, ताई?"

"म्हणजे," तिचा नवरा खुर्चीतून म्हणाला, "घर आपलं आणि दार समाजाचं."

सगळ्या खो खो हसल्या. टेपताईही हसली, जरा उशिराने. पाटी आता कापडाची घडी दाबून धरायला उपयोगी पडते.

त्या समारंभात संस्थेच्या बाईंनी विचारलं होतं, "तुम्ही नसाल तेव्हा हे काम कोण बघेल?" टेपताई ठसक्यात म्हणाली होती, "मी नसायला जाते कुठे?" केवढ्या टाळ्या पडल्या. आता त्या टाळ्या आठवल्या की तिला वाटतं, बाहेरून कुणी कडी घालत होतं.

कारण तिला जायचं होतं. एका दिवसाच्या प्रवासावर तिची थोरली बहीण राहते. आई गेल्यावर हिला वाढवलं ते थोरलीने. सुईत दोरा ओवायला शिकवलं तेही तिनेच, दोऱ्याचं टोक ओठांत धरून. थोरली न्हाणीघरात पडली आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हृदय शस्त्रक्रिया सोसणार नाही, आहे तशीच सांभाळा. थोरलीने फोन केला. "धाकटे, येऊन जा. फार दिवस ठेवून घेणार नाही तुला. मलाच कुठे राहायचंय."

टेपताईने त्याच संध्याकाळी पिशवी भरली. सकाळी पडदा सरकला. एका बाईचा नवरा शिडीवरून पडला होता. त्याचं माप झालं, मग दुसरं कुणी. "हे एक माप घेते आणि निघते," असं ती रोज म्हणे. तिचा नवरा एकदा म्हणाला, "जा की. चार दिवस लोक थांबतील." ती म्हणाली, "आणि चुकीची गाठ पडली म्हणजे? मास्तर आठवतात ना?" पाच आठवडे झाले. भरलेली पिशवी भिंतीशी उभीच. बाया पिशवीच्या बंदांना दोऱ्याची रिळं अडकवू लागल्या.

शेवटी तिने न पाहता थोरलीचा अंगरखा शिवायला घेतला. पलंग पाहिल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा तिचा नेम. तो तिने सख्ख्या बहिणीसाठी मोडला. फोन लावला. थोरलीची शेजारीण दिवसभर तिच्यापाशी बसे, तिने दोरीने माप घेऊन वितीत सांगितलं.

"आणि निजते कुठल्या अंगावर?"

"डाव्या."

टेपताईने घरातलं सर्वांत मऊ कापड काढलं. आतल्या शिवणी आपल्या गालाला लावून पाहिल्या. उजव्या कुशीला गाठी ठेवल्या आणि दुसऱ्याच दिवशी पोस्टाने धाडून दिला.

आठव्या दिवशी भर दुपारी फोन वाजला. चारही मशीनं चालू होती. तिने हात वर केला, तशी ती थांबली. थोरलीचा आवाज फुंकर घातल्यासारखा होता.

"मिळाला गं. परवाच घातला. कुणी उचललंसुद्धा नाही मला. गुणाची आहेस."

"बसतो ना नीट?"

"बसतो की." थोरलीने दम घेतला. "गाठ तेवढी टोचते."

"कुठे टोचते?"

"अंगाखाली येते ना. असू दे. टोचली की वाटतं, धाकटी इथेच आहे कुठेतरी."

"शेजारणीला दे फोन," टेपताई म्हणाली. आणि शेजारीण आल्यावर, "त्या दिवशी मला कूस सांगितलीत, तेव्हा कुठे उभ्या होतात तुम्ही?"

"इथंच, पायथ्याशी. उशाकडे भिंत आहे, उभं राहायला जागा नाही."

"तो अंगरखा काढा. आत्ता काढा."

"मी कालपासून तेच म्हणते. त्या सोडू देत नाहीत. म्हणतात, धाकटीने बांधलंय, राहू दे."

"धाकटीनेच सांगितलंय म्हणा. नाही ऐकलं, तर नाड्या कापा."

फोन ठेवून ती वळली. सात बाया तिच्याकडे बघत होत्या. तिने गळ्यातली टेप काढली. इतक्या वर्षांनी मान मोकळी झाली, तर तिथे गार वाटलं. ती घाईबाईसमोर गेली आणि टेप पुढे केली.

घाईबाईने हात मांडीखाली घेतले. "मी नाही. सगळ्यांसमोर म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणाले होते."

"मास्तर अजून स्वप्नात येतात माझ्या."

"येऊ देत. तू निदान त्यांच्या पलंगापर्यंत जाऊन चुकलीस. मी घरात बसून चुकले."

घाईबाईने हात बाहेर काढले नाहीत. बाहेर रस्त्यावर एक गाडी भोंगा वाजवत गेली. थोरलीच्या गावाला जाणाऱ्या चारच्या बसला अजून दोन तास होते. टेपताईने दारावरचं कापड गोळा करून बाजूला ठेवलं, काचेची पाटी खाली उतरवली, कात्री भोकातून उपसली. मग पेटीवर पाय देऊन ती त्या दारावर चढली आणि उताणी निजली.

"घे माझं माप," ती छताकडे बघत म्हणाली. "माझं अंग लुळं आहे. मला बोलता येत नाही. बघ जमतंय का."

बाया हसल्या नाहीत. टेपताई शेकडो पलंगांवर वाकली होती, पण त्यांच्यावरचं छत तिने कधी पाहिलं नव्हतं. आपल्याच खोलीचं छत तिला परकं वाटलं. पंख्याच्या पात्याला काळी किनार होती. मान न हलवता चौकटीचा वरचा कोपरा दिसत होता, आणि तिथली रिकामी बिजागरी. थोरलीला काय दिसत असेल?

पाठीखालची फळी कडक होती. हा जीव किती वर्षं असा इथेच पसरून आहे, असं तिला वाटलं. आणि ते दाराबद्दल की स्वतःबद्दल, तिचं तिलाच कळेना.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. घाईबाई आली. आली ती पायथ्याशी. तिथे थांबली. टेपताईने तोंडातून शब्द काढला नाही. तिला बोलता येत नव्हतं. मग पावलं हळूहळू पेटीला वळसा घालून गेली आणि घाईबाईचा चेहरा उलटा होऊन तिच्या कपाळावर आला.

टेप गार होती. खांद्यापासून खांद्यापर्यंत गेली.

तेवढ्यात पडदा सरकला. "टेपताई आहेत का?" एक घाबरलेला पुरुषी आवाज. "आमच्या वडिलांचं माप..."

टेपताईचं कोपर आपसूक फळीवर टेकलं, खांदा उचलला गेला.

"बसा, येते मी," घाईबाई वर न बघता त्या माणसाला म्हणाली, आणि उचललेल्या खांद्यावर तळवा ठेवून तिने तो खाली दाबला. "हलू नका, ताई. माप चुकेल."