पासावर आलेलं टेबल

माझे वडील किनवटच्या जंगलात वनरक्षक होते आणि तपासणी नाक्यावर बसायचे. बाहेर जाणाऱ्या लाकडावर ते हातोड्याने सरकारी ठसा उमटवत आणि वाहतुकीचा पास फाडून देत. या दोन गोष्टींशिवाय जंगलातून काडी हलत नसे. त्या वर्षांत सागाला भुंगेरा लागला होता. त्याच्या अळ्या लाकूड आतून पोखरतात आणि बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं. म्हणून वरून आदेश आला होता की रोगट झाडाची साल जागेवरच जाळायची, सालीलगतचं पांढरं लाकूड तासून टाकायचं आणि आतला गाभा तपासूनच माल सोडायचा. बाबा म्हणायचे, "भुंगेरा उडून उडून किती उडंल? त्याला लातूर-नांदेड दाखवते ते ट्रकवाले."

भूकंपानंतर औसा-निलंगा भागात नवी घरं उभी राहत होती आणि नाक्यावर लाकडाच्या गाड्यांची रांग लागे. ड्रायव्हर वैतागून म्हणत, "गार्डसाहेब, तिकडं माणसं पत्र्याखाली झोपून राहिली अन् तुम्ही साल पाहून राहिले." बाबा ऐकून घेत आणि साल पाहत. एकदा तर त्यांनी वरातीचा ट्रॅक्टर थांबवून नवरीचा पलंग खाली उतरवला, कारण एका पायाला चार बोटं साल राहिली होती. नवरदेवाचा मामा शिव्या देत होता आणि बाबा खाली बसून वाकसाने तो पाय तासत होते. मी शाळेतून येत होते. लाजेने मी रस्ता बदलला, हे कबूल केलेलं बरं.

दहावीला मला चांगले गुण पडले आणि साऱ्या मुलखाची पोरं जात होती तशी मीही लातूरला निघाले. लातूरच्या मातीत डॉक्टर पेरले की उगवतात, असा तेव्हा सगळ्यांचा समज होता. बाबांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने सागवानी टेबल केलं. तीन पाय गाभ्याचे निघाले, चौथ्याला लाकूड पुरेना. त्या पायाला एका बाजूने बोटभर पांढरी पट्टी राहिली. बाबांनी तो पाय उन्हात धरला, ठोकून पाहिला आणि म्हणाले, "चालतंय." हा शब्द नाक्यावर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी फळीच्या खालून ठसा मारला, माझ्या नावाने पास फाडला आणि टेबल नांदेडपर्यंत रेल्वेने, तिथून एसटीच्या टपावर लातूरला आलं.

लातुरात मी एका खालांकडे राहत होते. त्यांचे मियाँ गाद्या भरायचे आणि घरातली एक मोठी खोली त्यांनी आम्हा चार मुलींना भाड्याने दिली होती. खाला तोंडाने फटकळ, हाताने सढळ. माझ्या किनवटी बोलीची त्या रोज टर उडवायच्या. "जाऊन राहिली, जेवून राहिली. राहतीस तर माझ्याकडं की गं." आणि असं म्हणत ताटात आणखी एक रोटी पडायची.

त्यांचं माहेर भूकंपात गेलं होतं आणि त्यांची आई त्यातच गेली. ते त्या एकदाच बोलल्या, तांदूळ निवडता निवडता. "आधी वरीसभर जमीन गुरगुरायची. आम्ही म्हणायचो, असंल काही. अम्मी म्हणायची, गप बस. ऐकून बी न ऐकल्यावानी केलं आम्ही." पुढे त्या तांदूळच निवडत राहिल्या. त्यांचा हात धरावा असं मला फार वाटलं, पण धरला नाही.

दिवाळीची सुट्टी संपवून मी परत आले तर टेबलाच्या चौथ्या पायाशी पिवळसर पीठ सांडलेलं. मी नाक्यावर वाढलेली पोर, मला कुणी सांगायची गरज नव्हती. पायाला कान लावला. आत कुरकुर चालली होती, उंदीर सुपारी कुरतडतो तशी. मी पीठ वहीच्या कागदात गोळा केलं आणि मोरीत टाकलं. मग रोजच टाकू लागले.

टेबल ज्या भिंतीला लागून होतं तिच्या पलीकडे खालांचा स्वयंपाक. एका दुपारी त्या पिठाच्या हातांनी बाहेर धावत आल्या. चेहरा पांढराफटक. "बेटी, भिंत बोलायलीय."

मी म्हणाले, "मला नाही ऐकू आलं."

हे वाक्य मी पुढे किती वेळा म्हणाले ते माझं मला माहीत. खालांनी रॉकेलचा स्टोव्ह अंगणात मांडला. जेवण अंगणात, निवडणं-टिपणं अंगणात. घरात त्या पाण्याचा तांब्या घ्यायला जात, तेही दाराला एक हात धरून. मियाँनी मिस्त्री आणला. त्याने भिंत ठोकून पाहिली आणि पक्की आहे म्हणाला. तो गेल्यावर खाला म्हणाल्या, "आमच्या गावचा मिस्त्री बी असाच म्हणायचा." भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन बसून बसून त्यांना ताप भरला, बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत जाऊ लागल्या. आणि मी आत बसून त्याच टेबलावर प्राणिशास्त्र पाठ करत होते.

सांगितलं असतं तर टेबलाखालचा ठसा निघाला असता. ज्या माणसाने नवरीचा पलंग सोडला नाही त्याने लेकीचं टेबल सोडलं, हे किनवटच्या पानटपरीवर वर्षभर चघळलं गेलं असतं. बाबांची नोकरी गेली तर? परीक्षा झाली की टेबल गुपचूप जाळून टाकू, असं मी ठरवलं होतं. तोवर एका बाईने अंगणात बसायचं, एवढंच तर होतं. असा हिशेब मी खरंच केला होता आणि त्याची मला आजही शरम वाटते.

एक दिवस खालांनी आम्हा चौघींना बोलावलं. "दुसरीकडं खोल्या बघा. चार लेकरांचा जीव मला डोक्यावर घ्यायचा न्हाई. मागल्या बारीला ऐकलं न्हाई, ह्या बारीला ऐकते." बाकीच्या तिघी रडायला लागल्या, परीक्षा तोंडावर होती. मी त्याच दिवशी बाबांना पत्र टाकलं आणि कीड, भिंत, सगळं लिहिलं, फक्त कधीपासून ते सोडून. खालांना मात्र तेव्हाही काही बोलले नाही.

चौथ्या दिवशी बाबा आले. पिशवीत वाकस होता. त्यांनी आडवं होऊन पायाला कान लावला, मग उठून अंगणात गेले. "ताई, जरा आत या. भिऊ नका, भिंतीचं काही न्हाई." खाला दार धरून कशाबशा आल्या. बाबांनी त्यांना पायाला कान लावायला सांगितलं. त्यांनी लावला आणि ऐकत राहिल्या. "ह्ये?"

"हेच."

बाबांनी वाकसाने पाय उभा चिरला. आत बोटाच्या पेराएवढी दुधट अळी वळवळत होती. खालांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "एवढुशी," म्हणाल्या आणि खाली बसून हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. बाबांनी घरातल्या चौकटी, कपाट, खिडक्या एकेक करून तपासल्या. सगळं स्वच्छ निघालं तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला.

मग वनखात्याला कळवायला त्यांनी कोरा कागद काढला. चष्मा नाक्यावर राहिला होता, म्हणून मला लिहायला बसवलं. लाकूड कुठलं, पास कुणी दिला, पांढरं लाकूड का राहिलं, सगळं त्यांनी स्वतःच्या नावावर सांगितलं. मी म्हणाले, "बाबा, जाळून टाका ना नुसतं. इथं कोण विचारून राहिलं?"

"भुंगेरा बाहेर पडला असंल तर तो बी न्हाई इचारणार. लिही."

या कागदाने त्यांचा हातोडा जाणार हे त्यांना ठाऊक होतं. तो गेलाच. पुढची दोन वर्षं ते रोपवाटिकेत झारीने पाणी घालत होते.

"कीड पहिल्यांदा कधी दिसली, ते लिही," बाबा म्हणाले. माझा पेन थांबला. खाला समोरच चहाचा पेला घेऊन बसल्या होत्या. काल दिसली असं लिहिणं सोपं होतं. पण भुंगेरा कुठवर गेला असेल ते त्या तारखेवरूनच शोधतात, हे बाबांनीच मला शिकवलं होतं.

"दिवाळीहून आले त्या दिवशी."

बाबांनी मान वर केली. "म्हंजे दीड महिना."

मी तारीख लिहिली. बाबांनी सही केली आणि टेबल उचलून जाळायला अंगणात नेलं. खालांनी पेला खाली ठेवला. त्या चिडतील म्हणून मी वाट पाहत होते, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बापासाठी केलंस, ते कळतं मला," त्या म्हणाल्या. "पर मला एकलीला सांगायचं हुतं, बेटी. मी कुणाला सांगायला गेले असते?"