आपांनी नाकारलेला भत्ता

सुरैया आपा गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. मुलं बसमधून उतरत होती आणि मी गेटवर ड्यूटीला होते. पहाटे हृदयविकाराचा झटका आला, एवढाच निरोप. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग, आणि त्या रांगेच्या मधोमध सुपरवायझरचा प्रश्न : सातवी ‘ब’चा तिसरा तास कोण घेणार? मी घेतला. मी विज्ञान शिकवते, तास गणिताचा होता. काही मुलं रडत होती, काही नुसती बाकाकडे बघत होती आणि मला दुःखाच्या आधी राग आला. दीड महिना झाला, तो राग अजून जागचा हललेला नाही.

आपा रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या. लग्न होऊन बहारीनला आल्या. त्यांचे यजमान इक्बालभाई तिथल्या बंदरात क्लार्क, घर सनद नावाच्या वस्तीत. आमच्या शाळेत त्यांनी वीसएक वर्षं गणित शिकवलं. मी साताऱ्याहून नवी नवी आले होते, तेव्हा स्टाफरूममध्ये आईशी फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं आणि खुर्ची ओढून समोरच बसल्या. ‘‘माझी पोरं घरात इंग्रजीत उत्तरं देतात गो. तू तरी माझ्याशी मराठीत भांड.’’ भांडलो, भरपूर भांडलो.

सगळ्यात मोठं भांडण भत्त्यावरून. आमची शाळा लहान, पालकांनी निवडलेली समिती ती चालवते आणि पैसा येतो तो फीमधूनच. चारेक वर्षांपूर्वी समितीने परिपत्रक काढलं : भारतातलं राष्ट्रीय पातळीवरचं शिक्षक-प्रमाणपत्र जो मिळवेल, त्याला दरमहा जादा भत्ता. स्टाफरूममध्ये हशा झाला. कोण करणार हे उपद्व्याप? पन्नाशी ओलांडलेल्या आपांनी दुसऱ्या दिवशी नाव नोंदवलं. दोन वर्षं परीक्षा, पाठांचे आराखडे, निबंध, सगळं गुडघेदुखी सांभाळून. प्रमाणपत्र मिळवणाऱ्या त्या आमच्या शाळेतल्या पहिल्या. समितीने पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला. आणि भत्ता? निधी नाही म्हणे! पालकांच्या सभेने फीवाढ फेटाळली होती. त्या सभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, ‘‘मॅडम आधीही चांगलंच शिकवत होत्या. मग जादा पैसे कशासाठी?’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्याने चांगलं शिकवलं त्याला म्हणूनच काही द्यायचं नाही, हा हिशेब मला अजून उलगडलेला नाही.

तोवर आपांनी मागे लागून लागून मला आणि रीना नावाच्या आमच्या मल्याळी सहकारी बाईंना त्याच परीक्षेला बसवलं होतं. आम्ही निम्म्यात होतो. एक दिवस समितीच्या अध्यक्षांनी आपांना बोलावलं. तिथून त्या थेट माझ्या प्रयोगशाळेत आल्या.

‘‘मला एकटीला भत्ता देतायत.’’

‘‘मग पेढे कुठायत?’’

‘‘योजना बंद करून देतायत. पुढे कुणालाच नाही. माझी त्याला हरकत नाही, असं लिहून द्यायचं.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मफी म्हटलं.’’ मफी म्हणजे इथल्या अरबीत ‘नाही’. आणि हसल्या. हसल्या!

माझा पारा चढला. त्यांची धाकटी मुलगी मंगळूरला शिकत होती, गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं. ‘‘आपा, घ्या ना ते! तुम्ही कमावलंय. माझ्यासाठी सोडू नका, मी तर परीक्षा सोडायच्याच विचारात होते.’’

‘‘तेच तर. तुला आयतं निमित्त कशाला देऊ?’’ मग म्हणाल्या, ‘‘मला बक्षीस नकोय गो. बक्षीस एकीलाच मिळतं. जी शिकेल तिला मिळायला हवं हे.’’

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. प्रमाणपत्र पुरं केलं ते निव्वळ रागाने. तोपर्यंत त्यांनी आणखी दोघींना तयारीला बसवलं होतं, न मिळणाऱ्या भत्त्यासाठी! अशा माणसाचं करायचं काय?

पालकांच्या पुढच्या सभेत आपा भत्त्याचा विषय मांडणार होत्या आणि मी उठून अनुमोदन देणार होते. तसं कबूल केलं होतं मी. त्या उठल्या, बोलल्या, माझ्याकडे वळून बघितलं... आणि मी मान खाली घालून फोन चाळत राहिले. माझा नवरा ज्या बँकेत आहे, तिथले त्याचे साहेब समितीत होते, पहिल्या रांगेत. विषय तिथेच संपला. बाहेर गाडीपाशी आपा म्हणाल्या, ‘‘चल, चहा पिऊ.’’ चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शोकसभेत स्टेजवर त्यांच्या प्रमाणपत्राची भली मोठी प्रत लावली होती. अध्यक्ष त्याकडे हात करून म्हणाले, ‘‘हा आपल्या शाळेचा सन्मान आहे.’’ मी उठले. ‘‘सर, या सन्मानाचा भत्ता त्यांना का मिळाला नाही, तेही सांगा.’’

‘‘मॅडम, ही ती वेळ नव्हे.’’

‘‘वेळ होती तेव्हा मी गप्प बसले, म्हणून आज विचारतेय.’’

मागून सातवीतल्या एका मुलीची आई उभी राहिली, ‘‘आम्हालाही ऐकायचंय.’’ आणखी दोघं-तिघं उठली. भत्त्याचा विषय आता पुढच्या सभेपुढे आहे. मंजूर होईलच, असं मी म्हणत नाही, या लोकांना मी ओळखते. घरी नवऱ्याला मात्र सांगून ठेवलंय की मी बोलणार आहे.

गेल्या शनिवारी त्या तयारीला बसलेल्या दोघींना, शबाना आणि कविताला, घेऊन सनदला आपांच्या घरी गेले. इक्बालभाईंनीच बोलावलं होतं. परीक्षेसाठी आपल्या वर्गाचं चित्रीकरण पाठवावं लागतं. आपांचं त्यांनी जपून ठेवलंय, ते टीव्हीवर लावलं. आपा फळ्यावर गणित लिहितात, वर्गाकडे वळतात, विचारतात, ‘‘असं का झालं असेल?’’ आणि गप्प उभ्या राहतात. किती तरी वेळ... काहीच नाही.

‘‘आवाज गेला वाटतं,’’ शबाना म्हणाली आणि रिमोट शोधायला लागली.

‘‘नाही, गेला नाही,’’ इक्बालभाई म्हणाले. ‘‘थांब जरा.’’

शेवटच्या बाकावरून एक हात हळूहळू वर आला.